अनेक खेळ खेळलेल्या खेळाडूने लहान महाविद्यालयात प्रशिक्षक व्हावे का?

एका २७ वर्षांच्या खेळाडूने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत असल्यापासून ते खो-खो खेळत आले, महाविद्यालयात ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत आणि हँडबॉलमध्ये विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचले, नंतर त्यांनी एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी) केले. आता तालुक्याच्या गावातील, साधारण ९०० विद्यार्थ्यांच्या एका महाविद्यालयाने त्यांना शारीरिक शिक्षण संचालक म्हणून तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, बोलावले आहे. 'सगळे खेळ खेळलास, पण एकाही खेळात नाव झाले नाही. तू मुलांना काय शिकवणार?' असे घरचेही म्हणतात आणि मैदानावरचे सोबतीही. हे काम घ्यावे का, घेतल्यास कोणता खेळ धरावा आणि स्वतः खेळणे थांबवावे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी ३१ वर्षे अशाच एका महाविद्यालयाचा जिमखाना सांभाळला. त्याआधी कबड्डी, व्हॉलीबॉल आणि भालाफेक असे तीन खेळ कमीअधिक यशाने खेळलो होतो, त्यामुळे तुम्हाला जे ऐकावे लागते आहे ते मीही ऐकले आहे. तुम्ही हे काम घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तासिका तत्त्वाच्या अडचणी आणि पात्रतेच्या अटी पुढे सांगतो, पण आधी 'एकाही खेळात नाव नाही' या आक्षेपाविषयी लिहिले पाहिजे, कारण तुमच्या मनात खरी बोच त्याचीच दिसते.

शहरातील मोठ्या महाविद्यालयाचा जिमखाना आणि आपला जिमखाना यांत मूळ फरक प्रवेशाच्या वेळी पडतो. मोठ्या महाविद्यालयाकडे खेळाडू घडून येतात. क्लबमध्ये सात-आठ वर्षे खेळलेली मुले तिथे प्रवेश घेतात, प्रशिक्षक त्यांतून संघ निवडतो, आणि त्याच्याकडे एकाच खेळाचे सखोल ज्ञान असले तरी त्याचे भागते. आपल्याकडे आसपासच्या वीस-पंचवीस गावांतून, शेवटची एस.टी. सांभाळत येणारी मुले असतात. त्यांतली दुपारच्या तासांनंतर थांबू शकणारी आणि मैदानावर यायला तयार असलेली किती, तर तीस-चाळीस. या मुलांनी कुठलाच खेळ पद्धतशीर खेळलेला नसतो. कोणी पोहण्यात पटाईत असतो, कोणी तालमीत दोन वर्षे गेलेला असतो, एखादी मुलगी रोज सायकलवर डोंगर चढून येत असते. इथे 'मला खो-खोचा संघ करायचा आहे, त्यासाठी बारा मुली द्या' असे म्हणून चालत नाही. समोर आलेल्या मुलीकडे पाहून तिला कोणता खेळ साधेल, हे प्रशिक्षकाला ओळखावे लागते, आणि अनेक खेळ अंगाने खेळलेल्या माणसाला ते जितके ओळखता येते तितके एका खेळात मुरलेल्याला सहसा ओळखता येत नाही. लोक ज्याला तुमची उणीव म्हणतात ती लहान महाविद्यालयात तुमची पहिली पात्रता ठरते.

याचे एक उदाहरण जवळून सांगतो. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी नव्या मुलांच्या साध्या चाचण्या घेत असे: ३० मीटर धाव, उभी लांब उडी, दहा मीटरच्या चार फेऱ्या, क्रिकेटचा चेंडू फेकणे आणि शेवटी बारा मिनिटे धावणे. एका वर्षी फी भरायला आलेला आणि गंमत म्हणून रांगेत उभा राहिलेला एक मुलगा चपला काढून, दोनच पावले टाकून चेंडू फेकून गेला. चेंडू कुंपणापलीकडच्या शेतात जाऊन पडला. विचारल्यावर कळले की लहानपणापासून तो ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा राहून गोफण चालवत आला होता. मी त्याच्या हाती ८०० ग्रॅमचा भाला दिला आणि पहिला महिनाभर आम्ही दोघेही निराश झालो. गोफणीत हात डोक्याभोवती आडवा फिरतो. भाल्यात हात खांद्यावरून, भाल्याच्याच रेषेत पुढे यावा लागतो. त्याचा हात सवयीने बाजूने फिरत असे, भाला हवेत तिरपा होत असे आणि कोपर दुखत असे. दिसायला सारख्या वाटणाऱ्या हालचाली एकमेकींना साहाय्य करण्याऐवजी बाधतात, हे मला तेव्हा नीट समजले. गोफणीतून त्याच्याकडे खरे आले होते ते वेगळेच होते: जोर पायातून कमरेत, कमरेतून धडात आणि तिथून खांद्यात चढवण्याचा क्रम. तो त्याला शिकवावा लागला नाही. म्हणून मी त्याच्या हाताला हात लावणे सोडून दिले आणि दोन महिने फक्त डावा पाय जमिनीत रोवून घेण्यावर काम केले. पाय थांबला तसा हात आपोआप उंच आला. मी स्वतः व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारला होता आणि भालाही फेकला होता, म्हणूनच दोष हातात दिसत असला तरी तो पायात आहे हे मला सुचले.

तुमच्याकडेही अशी शिदोरी आहे, फक्त तुम्ही ती अजून मोजलेली नाही. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत दहा अडथळे असतात. पहिल्यापर्यंत ४५ मीटर आणि पुढे प्रत्येक दोहोंत ३५ मीटर अंतर असते. सुरुवातीला धावक ठरावीक पावलांत हे अंतर कापतो, पण सहाव्या-सातव्या अडथळ्यानंतर पाय जड झाले की एक पाऊल वाढते आणि मग दुसरा पाय पुढे टाकून अडथळा ओलांडावा लागतो. ज्याला एकाच पायाची सवय आहे तो इथे घुटमळतो, छोटी पावले टाकून जुळवाजुळव करतो आणि शर्यत तिथेच हरतो. खो-खोत तीनच्या तुकडीत धावलेल्या खेळाडूचे दोन्ही पाय सारखे तयार असतात, कारण डावीकडे आणि उजवीकडे हुलकावणी दिल्याशिवाय तो टिकूच शकत नाही. तुम्ही खो-खोतून अडथळ्यांकडे गेलात ते बहुधा कुणा शिक्षकाच्या सांगण्यावरून. ते का जमले, हे आता वहीत लिहून काढा. हँडबॉलमध्ये उजव्या हाताचा खेळाडू डाव्या पायावर उडी घेऊन फेक करतो, तोच पाय लांब उडीतही कामी येतो. कबड्डीतला कोपरारक्षक आणि कुस्तीत पट काढणारा पैलवान गुडघे सारखेच वाकवतात, पण पैलवानाला चढाईपटूची वाट पाहत थांबण्याची सवय नसते आणि तो घाईने पुढे जातो. असे धागे एका खेळाच्या पुस्तकात मिळत नाहीत, ते दोन खेळ खेळलेल्याच्या शरीरात असतात.

उशिरा खेळ बदलूनही माणूस किती पुढे जाऊ शकतो, यासाठी अविनाश साबळे यांचे उदाहरण मी मुलांना नेहमी देत असे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा बारावीनंतर लष्करात गेला, तिथे क्रॉसकंट्री धावू लागला आणि २०१७ च्या सुमारास प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेत भरून ३००० मीटर स्टीपलचेजकडे वळला. या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. वयाच्या विशीत हा प्रकार धरलेल्या साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. आपल्या महाविद्यालयात १८ व्या वर्षी येणाऱ्या मुलाला 'आता उशीर झाला' असे सांगण्याचा अधिकार प्रशिक्षकाला नाही, एवढे यावरून मी शिकलो.

तुमच्यासारख्या माणसाने लहान महाविद्यालयाचा प्रशिक्षक होण्याची परंपराही बरीच जुनी आहे. अमेरिकेत १८६२ साली जन्मलेले एमोस अलोंझो स्टॅग हे येल विद्यापीठाचे बेसबॉलचे गोलंदाज आणि अमेरिकन फुटबॉलचे नामवंत खेळाडू होते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये जाण्याची संधी त्यांनी नाकारली आणि १८९० मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. (ख्रिस्ती तरुणांची संघटना) प्रशिक्षण शाळेत शिकवायला गेले. तिथे त्यांचे सहकारी होते जेम्स नेस्मिथ. नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढल्यावर ११ मार्च १८९२ रोजी शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा पहिला जाहीर सामना झाला, तो विद्यार्थ्यांनी ५-१ असा जिंकला आणि शिक्षकांचा एकमेव गुण स्टॅग यांनी मिळवला. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी चाळीस वर्षे फुटबॉलबरोबरच बेसबॉल आणि मैदानी खेळांचेही प्रशिक्षण दिले. सत्तराव्या वर्षी त्यांना तिथून निवृत्त व्हावे लागले, तेव्हा ते घरी न बसता कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहान महाविद्यालयात गेले. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना या त्याहूनही लहान संस्थेत ते १९४७ ते १९५२ या काळात मुलाच्या जोडीने संघ सांभाळत होते. १९६५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय १०२ वर्षे होते.

ही गोष्ट परक्या देशाची असली तरी तिचा धागा आपल्या जिमखान्यापर्यंत येतो. व्हॉलीबॉलचा शोध लावणारे विल्यम मॉर्गन स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी होते आणि १९२० मध्ये मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू करणारे हॅरी क्रो बक यांचेही शिक्षण तिथेच झाले होते. आपल्या महाराष्ट्रात त्याआधीच, १९१४ मध्ये, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले होते. मल्लखांब, कुस्ती, लाठी आणि लेझीम एकाच आखाड्यात शिकवणाऱ्या या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. एका माणसाने अनेक खेळ अंगी बाणवून ते पुढच्या पिढीला द्यावेत, ही कल्पना या दोन्ही ठिकाणी होती. बी.पी.एड.ला आपण सगळ्यांनी सगळे खेळ शिकलो ते याच कल्पनेमुळे. 'एक ना धड' असे म्हणणाऱ्यांना हे सांगून उपयोग होईलच असे नाही, पण तुम्हाला ते माहीत असावे.

आता दुसरी बाजू. अनेक खेळ खेळलेल्या माणसाची उणीव खरी असते आणि ती त्याला फार उशिरा कळते. मुलाला खेळात आणणे त्याला उत्तम जमते, पण तिसऱ्या वर्षी तोच मुलगा विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत गेला की त्याला पुढे न्यायला लागणारे बारकावे आपल्याकडे नसतात. त्यावर उपाय एकच: सुरुवातीच्या दोन वर्षांत सर्व खेळांचे प्रवेशअर्ज भरण्याचा मोह आवरून दोन खेळ पक्के धरावेत आणि निदान दहा वर्षे सोडू नयेत. तुमच्या बाबतीत मी खो-खो आणि मैदानी खेळांतल्या धावण्याच्या शर्यती धरीन, हँडबॉल तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन. खो-खोला दोन खांब आणि फक्की एवढेच साहित्य लागते, आणि आपल्या राज्यात त्याच्या स्पर्धा भरपूर होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले, त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे महाराष्ट्राचेच आहेत. मुलींच्या पालकांना पटवताना ही गोष्ट कामी येते. एखाद्या खेळात जमेल तेव्हा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम करावा. पूर्ण पदविकेला वर्ष लागते, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही असतो. तिथे अर्ज एकाच खेळासाठी करावा लागतो, म्हणून ही निवड लांबवू नका.

याच संदर्भात माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती तुमच्यासारख्या माणसाकडून होण्याचा संभव सर्वांत जास्त आहे. नोकरीच्या सहाव्या वर्षी माझ्याकडे एक विलक्षण मुलगी आली. ती खो-खोत सहज चार मिनिटे टिकत असे, ४०० मीटर धावत असे आणि मी नव्याने उभ्या केलेल्या हँडबॉल संघाचीही ती आधार होती. मी स्वतः एकेकाळी एकाच हंगामात तीन खेळ खेळलो होतो, त्यामुळे तिने तसे खेळण्यात मला काहीच वावगे वाटले नाही, उलट अभिमान वाटला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये खो-खोच्या विभागीय स्पर्धा, त्यानंतर चौथ्या दिवशी मैदानी स्पर्धा आणि लगेच पुढच्या आठवड्यात हँडबॉल असे वेळापत्रक आले. हँडबॉलच्या दुसऱ्या सामन्यात, आजूबाजूला कोणीही नसताना, तिने वळण्यासाठी उजवा पाय रोवला आणि ती खाली बसली. आत काहीतरी तुटल्याचा आवाज आपल्याला ऐकू आला, असे ती नंतर म्हणाली. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पण पोलीस भरतीची जी ८०० मीटरची धाव तिच्या हातचा मळ होती ती तिला कधीच धावता आली नाही. ती आज शिक्षिका आहे आणि जिना उतरताना अजूनही कठडा धरते.

त्या तीन आठवड्यांत ती थकली आहे हे मला दिसायला हवे होते. तिची उभी लांब उडी आठ-दहा सेंटिमीटरने कमी झाली होती. ती नोंद माझ्याच वहीत होती आणि मी ती वाचली नाही. पुढे मी नियम केला की एका विद्यार्थ्याचे एका हंगामात दोनच खेळ, दोन स्पर्धांमध्ये निदान सात दिवस, आणि दर सोमवारी उडीची नोंद; ती कमी झाली तर त्या आठवड्यात सराव निम्मा. या अस्थिबंधाची इजा मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक आढळते आणि बहुतेक वेळा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा वळताना होते. फुटबॉलपटूंसाठी तयार केलेला 'फिफा ११+' हा साधारण वीस मिनिटांचा सरावपूर्व व्यायाम अशा दुखापती कमी करतो हे आता चांगले सिद्ध झाले आहे. त्याला साहित्य लागत नाही आणि तो खो-खो व हँडबॉललाही तसाच लागू पडतो. तुम्ही मैदानावर जाल त्या पहिल्या दिवसापासून तो सुरू करावा. खेळाडूपेक्षा प्रशिक्षकाने वेगळे काय करायचे असते, असे तुम्ही विचारले असते तर मी हेच सांगितले असते: खेळाडू आपल्या अंगातली रग पाहतो, प्रशिक्षकाने समोरच्याचा थकवा पाहायचा असतो.

मैदानाबाहेरचे काम किती असते, याची कल्पना बाहेरून येत नाही. डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ साहित्याची नोंदवही), साहित्याची दरपत्रके, खेळाडूंचे पात्रता अर्ज, प्रवासभत्त्याची बिले, स्नेहसंमेलनाची व्यवस्था, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइली, स्वातंत्र्यदिनाचे संचलन, हे सर्व तुमच्याकडे येईल. पात्रता अर्जांत आळस करू नका. आंतरविद्यापीठ स्पर्धांना १७ ते २५ अशी वयोमर्यादा असते, आणि एका कागदावाचून खेळाडू बाद झाला की त्याचे अख्खे वर्ष जाते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून प्रत्येक मुलाच्या प्रमाणपत्राची, संघाच्या यादीची आणि निकालपत्राची प्रत जिमखान्यात जपून ठेवावी. दहा वर्षांनी मुले ती मागायला येतात.

मैदानाची आखणी मात्र शिपायावर सोपवू नका, निदान पहिली काही वर्षे. हे काम मला फार प्रिय होते. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटर असते. दोरीने एक बाजू धरून कोपऱ्यात तीन, चार आणि पाच मीटरचा त्रिकोण जुळवला की काटकोन साधतो आणि शेवटी दोन्ही कर्ण ताडून पाहायचे, ते ३१.३८ मीटर भरले पाहिजेत. पुरुष कबड्डीच्या १३ बाय १० च्या मैदानाचा कर्ण १६.४० आणि हँडबॉलच्या ४० बाय २० चा ४४.७२. हे आकडे मी जिमखान्याच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवून घेतले होते. मुलांच्या हाती टेप आणि दोरी देऊन ही आखणी करवून घेतली की मैदान त्यांचे होते. मग कोणी त्यावरून मोटारसायकल नेली तर तुम्हाला ओरडावे लागत नाही, मुलेच त्याला थांबवतात.

पैशांची अडचण कायम राहील. तिथे प्राचार्यांचा भरवसा मिळवणे हे संघ बांधण्याइतकेच महत्त्वाचे असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. आपण प्राचार्यांकडे मागतो ते फार तर बारा जोड बूट आणि एक प्रवासखर्च. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्राचार्यांच्या टेबलावर एका पानाचा अहवाल ठेवत असे: किती मुले आली, किती दिवस आली, कोणाची कशात प्रगती झाली. जिंकण्याहरण्याचा उल्लेख त्यात शेवटी असे. नव्या साहित्याच्या मागणीवर सही होण्यात या पानाचा वाटा मोठा होता.

आता तासिका तत्त्वाविषयी. या नेमणुकीत तासाप्रमाणे मानधन मिळते, सुट्टीच्या काळात मिळत नाही आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईलच याची हमी नसते. अनुदानित महाविद्यालयांतली नियमित पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, हेही खरे. त्यामुळे या दोन वर्षांकडे शिकण्याची संधी म्हणून पाहावे आणि त्याच काळात नियमित पदाची पात्रता पूर्ण करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांनी, त्याबरोबर नेट किंवा सेट (अध्यापकपदाच्या राष्ट्रीय व राज्य पात्रता परीक्षा) अथवा नियमानुसार पीएच.डी., आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ वा राज्य-राष्ट्रीय स्पर्धांतील सहभाग आणि शारीरिक क्षमता चाचणी अशा अटी आहेत. तुमची खेळातली बाजू भक्कम आहे, पण नेट-सेटचा अभ्यास तुम्ही टाळत आला आहात असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. सकाळच्या सरावानंतरचे दोन तास त्यासाठी राखून ठेवा. जाहिरात निघेल तेव्हा त्या वेळचे नियम स्वतः मूळ कागदावरून वाचा, ऐकीव माहितीवर विसंबू नका. ज्या संस्थेत पदासाठी पैशांची भाषा होईल तिथून उठून यावे, एवढेच सांगतो.

स्वतः खेळणे थांबवावे का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी दोन भागांत देईन. स्पर्धा खेळणे थांबवावे. रविवारी तुम्ही कुठल्या तरी गावच्या संघातून खेळत असाल आणि सोमवारी मुलांना शिकवत असाल, तर तुमचे मन रविवारीच राहते. शिवाय तुम्ही जिंकत असेपर्यंत मुलांना तुमच्यासारखे व्हायचे असते, त्यामुळे ज्या मुलीची चण वेगळी आहे तीही तुमच्यासारखी धावू पाहते. मी दोन वर्षे कबड्डीचे सामने खेळत राहिलो, आणि त्या दोन वर्षांत माझे सगळे चढाईपटू माझ्याचसारखे डाव्या बाजूने चढाई करत होते. हे मला दुसऱ्या महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाने दाखवून दिले, तेव्हा मी थांबलो.

शरीर मात्र थांबवू नका. मघाशी सांगितलेल्या क्षमता चाचणीत ३० वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १८०० मीटर, तर ४० वर्षांपर्यंत १५०० मीटर धावावे लागते. तुम्हाला आज हे अवघड नाही, पण नियमित पदाची जाहिरात कोणत्या वर्षी निघेल हे कोणाच्याच हातात नसते, आणि दिवसभर फाइली हाताळून संध्याकाळी शिट्टी वाजवत उभे राहणाऱ्याचे वजन किती लवकर वाढते ते मी पाहिले आहे. मुलांची बारा मिनिटांची चाचणी महिन्यातून एकदा असेल, त्या दिवशी त्यांच्याबरोबर धावा. पुढे नका राहू. शेवटून दुसरा किंवा तिसरा जो मुलगा असेल त्याच्या बाजूने धावा. पुढच्या मुलांना घड्याळ पुरते. मागचा मुलगा कुठे थांबतो, श्वास कसा घेतो, कोणता पाय ओढतो, हे तिथूनच दिसते, आणि त्याला कोणता खेळ द्यायचा ते बऱ्याचदा तिथेच ठरते.